शेवटची पंधरा मिनिटं

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ट्रक चालवणारा एक पोरगा आईसाठी गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेला, चाळा म्हणून सहज काहीतरी गायला, मालकाने ऐकलं आणि रॉक अँड रोल जन्माला आलं. खाली चार जणांचे हात जोडलेले आणि "नशीब लागतं हो!" मी "अरे बाबांनो" एवढंच लिहून फोन ठेवला, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबलचक. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल खाली सरकावं.

पहिली गोष्ट, यात दोन वेगळे प्रसंग एकाच कुकरमध्ये शिजवलेत. 1953 च्या उन्हाळ्यात तो पोरगा, म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 706, युनियन अव्हेन्यूवरच्या स्टुडिओत गेला आणि चारेक डॉलर मोजून त्याने स्वतःच्या आवाजाची एक तबकडी कापून घेतली. सॅम फिलिप्सचा तो धंदाच होता. लग्न असो, भाषण असो, पैसे द्या, रेकॉर्ड करून देतो. ऑफिस सांभाळणाऱ्या मॅरियन कीस्कर बाईंनी मुलाचं नाव टिपून ठेवलं. पुढे वर्षभर काही झालं नाही. मधे तो परत जाऊन आणखी एक तबकडी कापून आला, तरी काही झालं नाही. फॉरवर्डमध्ये हे वर्ष कधीच नसतं.

दुसरा प्रसंग 5 जुलै 1954, सोमवार संध्याकाळ. गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या बेसवर बिल ब्लॅक, ड्रम नाहीतच. संथ, गोड गाणी घोळून घोळून झाली, रंग चढेना. मग थोडं थांबले असताना एल्व्हिस आर्थर क्रुडप या गायकाचं जुनं ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं) उड्या मारत गायला लागला, बाकीचे दोघं त्यात घुसले आणि फिलिप्सने आतून डोकं काढून विचारलं की हे काय चाललंय, परत पहिल्यापासून करा.

बघा, "सहज" हा शब्द इथे चिकटतो. पण क्रुडपने ते गाणं 1946 मध्ये रेकॉर्ड केलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोराला ते तोंडपाठ होतं. फिलिप्सने आधीची चार वर्षं त्याच खोलीत मेम्फिसच्या काळ्या गायकांची ब्लूज रेकॉर्ड केली होती, त्यामुळे कान त्या जागेवर तयार होता. तिथे दुसरा कुणी असता तर "चला, टाइमपास पुरे" म्हणाला असता. मी अशा लोकांबरोबर काम केलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या काळातली ही जी "अपघाताने घडलेली" गाणी सांगतात ना, ती बहुतेक तयारच होती. कुणीतरी वर्षानुवर्षं कुठल्या तरी क्लबात ती घासत होता. ठरवलेल्या कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती, म्हणून ती शेवटच्या पंधरा मिनिटांत आली. कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा अंदाज चुकला आणि त्या चुकीला आपण अपघात म्हणतो.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण लिटल रिचर्ड या रॉक अँड रोल गायकाचं. सप्टेंबर 1955, न्यू ऑर्लिन्स, रॅम्पार्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा कोझिमो मटासाचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर रेकॉर्डच्या दुकानामागची खोली. मात्र त्या खोलीतली माणसं म्हणजे सोनं. ड्रमवर अर्ल पामर, सॅक्सवर ली ॲलन आणि रेड टायलर. निर्माता बंप्स ब्लॅकवेल कंपनीचे पैसे घेऊन कॅलिफोर्नियाहून आलेला. आणि रिचर्ड गातोय कसा, तर शाळेच्या गॅदरिंगला मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसल्यासारखा. केस एवढे उंच, कपडे एवढे भडक आणि आवाज एकदम मवाळ. दुसरा दिवस उजाडला तरी हाती काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मंडळी ड्यू ड्रॉप इन नावाच्या क्लबात गेली. तिथे पियानो, समोर चार लोक. रिचर्डच्या अंगात आलं. त्याने पियानो बडवत त्याचं नेहमीचं चावट गाणं, "टुटी फ्रुटी", काढलं, सुरुवातीलाच ती प्रसिद्ध निरर्थक आरोळी. मेकन गावच्या बस स्टँडवर भांडी घासताना ती तोंडात बसली, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. ब्लॅकवेलला कळलं, माल हा आहे. पण शब्द असे की रेडिओवाल्याने रेकॉर्ड फेकून मारली असती. डोरोथी लाबॉस्ट्री या तरुण गीतकार बाईंना बोलावलं. बाईंसमोर हे शब्द म्हणायचे कसे, म्हणून रिचर्डने भिंतीकडे तोंड करून गाणं ऐकवलं, असं सांगतात. त्या शब्द धुऊन आणेपर्यंत सेशनची पंधराएक मिनिटं उरली होती. पियानोवाल्याला चाल शिकवायला वेळ नाही, म्हणून रिचर्ड स्वतः बसला. तीनेक टेकमध्ये काम खल्लास.

आता यातला अपघात कुठला? गाणं जुनं, आरोळी जुनी, अर्ल पामरचा हात मुरलेला. नवीन होती ती फक्त ब्लॅकवेलची परवानगी.

दुसरा रॉक अँड रोलवाला, बिल हेली, त्याचं बघा. 12 एप्रिल 1954, न्यूयॉर्क, पायथियन टेंपल नावाच्या इमारतीतला उंच छताचा हॉल, डेक्का कंपनी. बँड येतानाच फेरीबोट रेतीत रुतली म्हणून उशीर. उरलेल्यातला बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यावर गेला, कारण कंपनीला तेच वरच्या बाजूला हवं होतं. "रॉक अराउंड द क्लॉक" ही मागची बाजू, तिच्या वाट्याला दोन टेक. एका टेकमध्ये बँडने हेलीचा आवाज गिळला म्हणून दुसरा घेतला. आणि त्यातला तो गिटारचा सोलो! गिटार हातात धरणाऱ्या प्रत्येकाने त्यावर बोटं मोडून घेतलीत, मीसुद्धा. डॅनी सेड्रोनने तो तिथे उभ्याउभ्या रचला नव्हता. 1952 मध्ये हेलीच्याच दुसऱ्या एका रेकॉर्डवर त्याने तो वाजवला होता. वेळ नाही म्हटल्यावर तोच उचलून इथे ठेवला, जवळपास सुरासकट.

इथे माझी एक आठवण सांगतो. 1996 साल, पुणे, भक्तिगीतांची कॅसेट. स्टुडिओ तासावर. शेठ सारखे घड्याळ बघतायत, आणि मी गिटार घेऊन अशा गाण्यात बसलोय ज्यात गिटारचं काही काम नाही. सातवं गाणं चारदा फसलं. शेवटची वीसेक मिनिटं राहिली तेव्हा ढोलकीवाले दादा म्हणाले, "मी माझ्या पद्धतीने घेऊ का?" त्यांनी डाव्या हाताच्या तळव्याने असा काही दाब दिला की ढोलकी अक्षरशः बोलली, आणि तिथून अशी तिहाई मारली की गायक स्वतःची ओळ विसरून हसायला लागला. पुढचा टेक ओके. शेठ काचेमागून बाहेर आले, "वा दादा, सुचलं कसं हो एकदम?" दादा रुमालाने बोटं पुसत होते. म्हणाले, "सुचलं नाही शेठ. नारायणगावच्या तमाशात सात वर्षं हेच वाजवतोय. तुम्ही विचारलं नव्हतं."

कॅसेटच्या कागदावर दादांचं नाव नव्हतं. असो.

मशीन बिघडण्याचेही किस्से असतात. "रॉकेट 88", मार्च 1951, फिलिप्सच्याच खोलीत. आयक टर्नरचा बँड मिसिसिपीहून गाडीने आला आणि वाटेत विली किझार्टचा ॲम्प्लिफायर जायबंदी झाला. स्पीकरचा कोन फाटलेला. फिलिप्सने आत कागद कोंबला आणि तो घरघरता आवाज तसाच घेतला, उलट पुढे आणला. ॲम्प फुटणं हा अपघात, मान्य. पण फुटका आवाज ठेवायचा हा निर्णय होता. कितीतरी जणांनी दुसरा ॲम्प येईपर्यंत चहा मागवला असता.

तीच गोष्ट फिलिप्सच्या सन या रेकॉर्ड कंपनीच्या त्या खास घुमाऱ्याची. दोन टेप मशीनं. दुसऱ्या मशीनवर टेप आधी रेकॉर्डच्या हेडवरून जाते, मग क्षणभराने वाजवायच्या हेडवरून. तो मागून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळायचा. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की भिंतीवरून दुसरी येते, तसं. तीन माणसांचा बँड सहा जणांचा वाटतो. त्याला कान आणि किती मिसळायचं याचा अंदाज लागतो. नशिबाने ते जमत नाही.

आणि "सहज" गाणारा तो पोरगा? 2 जुलै 1956 ला न्यूयॉर्कला आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने "हाउंड डॉग"चे 31 टेक घेतले. एकतीस! गाणं तो रोज स्टेजवर गात होता, लोक वेडे होत होते, तरी एकतीस. तेव्हा आजच्यासारखी ओळ-ओळ जोडायची सोय नव्हती. सगळे एका खोलीत, सगळं एकदम. ड्रमवाला चुकला की गायकाचा उत्तम टेकही कचऱ्यात.

आपल्याकडे मुंबईत याच काळात फिल्मची गाणी अशीच व्हायची, फक्त खोलीत तीन नाही तर चाळीस-पन्नास माणसं. पुणतांब्याचे अण्णा, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1957 मध्ये "आशा"साठी "इना मीना डिका" केलं तेव्हा ते अमेरिकन वारं थेट आपल्या घरात शिरलं. त्या ब्रासमागे, म्हणजे ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यांमागे, गोव्याची माणसं होती. हॉटेलांत जॅझ वाजवून फुफ्फुसं तयार झालेली, नोटेशन लिहिता-वाचता येणारी. पडद्यावर त्यांची नावं शोधून दाखवा.

म्हणूनच मला ही अपघाताची गोष्ट नुसती भाबडी वाटत नाही, ती सोयीची वाटते. गाणं आभाळातून पडलं म्हटलं की ते कुणाचं होतं हे विचारायला नको. क्रुडपचं नाव एल्व्हिसच्या त्या पहिल्या रेकॉर्डच्या लेबलवर नीट छापलेलं होतं. पैसे मात्र त्याच्यापर्यंत नीट पोचलेच नाहीत. तो शेतमजुरी करत राहिला, रॉयल्टीसाठी भांडत राहिला आणि 1974 मध्ये गेला. चक बेरीच्या "मेबेलीन"वर सहगीतकार म्हणून ॲलन फ्रीड या रेडिओवाल्याचं नाव चढलं, ज्याने गाण्यात एक अक्षर घातलं नव्हतं, फक्त ते रेडिओवर वाजवलं. सेड्रोनला त्या दिवसाचे 21 डॉलर मिळाले. दोन महिन्यांत, जून 1954 मध्ये, तो जिन्यावरून पडून वारला. हेलीचं ते गाणं सिनेमात लागून पहिल्या नंबरवर गेलं 1955 मध्ये. आपला सोलो जगाने ऐकला हे त्याला कळलंच नाही.

सगळ्यांवर घड्याळ नव्हतं, हेही सांगायला हवं. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात नॉर्मन पेटी हा स्टुडिओवाला तासावर नाही, गाण्यावर पैसे घ्यायचा. म्हणून गायक बडी हॉली आणि त्याच्या बँडची पोरं रात्ररात्र तिथे पडून असायची. ड्रम फार दणकतोय, तर नेऊन ठेवा बाहेरच्या खोलीत. दुसऱ्या एका गाण्यात ड्रम नकोच, तर जेरी ॲलिसनने मांड्यांवर थापा मारल्या आणि त्या तशाच रेकॉर्डवर आहेत, हेडफोन लावलात तर पँटचं कापड ऐकू येईल. (पेटीने गीतकारांत स्वतःचं नाव घुसवलं, ते वेगळं. तासाचे पैसे असे वसूल झाले.)

याच पेटीकडे घुमाऱ्यासाठी वेगळी खोली होती. 1957 च्या उन्हाळ्यात हॉलीचं "आयम गॉना लव्ह यू टू" घेताना त्या खोलीत एक रातकिडा शिरला. गाणं संपता संपता त्याची किरकिर येते, तीही बरोबर तालात. बँडचं नाव त्याआधीच क्रिकेट्स, म्हणजे रातकिडेच, ठेवलेलं होतं. पोरांनी ती किरकिर ठेवली.

तो रातकिडा मात्र खरंच सहज आला होता.