आपल्याला मालक पाहिजे म्हणे

आमच्या पेठेतल्या पोरांचं सध्या एकच पालुपद चाललंय. कोल्हापूरच्या फुटबॉलला मोठा मालक मिळाला पाहिजे. कुणीतरी तगडा उद्योगपती यावा, पैसा ओतावा, शहराच्या नावाचा व्यावसायिक संघ काढावा आणि कुस्तीच्या तालमींच्या नावानं खेळणाऱ्या पेठेपेठेच्या संघांची ही कटकट एकदाची मिटवावी. यंदा आमच्या तालमीचा संघ (नाव सांगत नाही, सुट्टीला आल्यावर गल्लीत फिरायचंय) केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये असा काही लोळला की मोबाइलवरचा आमचा ग्रुप मोसमभर धुमसत होता. बाहेरून आणलेले खेळाडू मॅचच्या आदल्या रात्री स्टँडवर उतरतात, सराव नाही, कोच नावाला, आणि अकरा जणांत कोण खेळणार ते पैसे देणारा ठरवतो. शिव्या देऊन सगळे दमले की शेवटी कुणीतरी लिहितोच, "मालक पाहिजे मर्दा, मालक!"

हे सगळं मी वाचतो ब्लॅकबर्नमध्ये बसून. शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून इकडे आलो तेव्हा या गावाचं नाव मला फक्त फुटबॉलमुळे माहीत होतं. इंग्लंडच्या वायव्येला, लँकशायरमध्ये, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं हे गाव एकेकाळी कापडगिरण्यांवर जगायचं. आपल्या इचलकरंजीहून लहान. आणि इथल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबचे मालक कोण, तर पुणेकर. कोंबड्या आणि अंडीवाले वेंकीज.

त्यामुळे इथं कुठंही गेलो आणि महाराष्ट्राचा आहे म्हटलं, की समोरचा डोळे बारीक करून विचारतो, "म्हणजे पुण्याचे?" परदेशात कोल्हापूरच्या माणसावर यापेक्षा वाईट आळ येऊ शकत नाही. आमचं गाव पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, आमचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता लोकांना ते खरं वाटेनासं झालंय.

रोव्हर्स हा किरकोळ क्लब नव्हे. १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ मध्ये इंग्लंडची लीग सुरू झाली तेव्हाच्या मूळ बारा क्लबांपैकी एक. नव्वदच्या दशकात जॅक वॉकर नावाच्या, गावातच जन्मलेल्या पोलाद व्यापाऱ्यानं क्लबात पैसा ओतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि १९९५ मध्ये या एवढ्याशा गावानं मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकली. शिअररनं त्या मोसमात लीगमध्ये ३४ गोल मारले. तेव्हा मालक पाहिजे म्हणणाऱ्या आमच्या पोरांच्या बाजूनं सगळ्यात भक्कम पुरावा याच गावात आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. मालकामुळे गाव कुठच्या कुठं जाऊ शकतं.

पण वॉकर २००० मध्ये गेले. त्यांच्या मागे ट्रस्टनं काही वर्षं क्लब सांभाळला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजना विकला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय डोक्यावरचं कर्ज. पहिल्या काही आठवड्यांतच सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं, तेही संघ तेराव्या क्रमांकावर, म्हणजे धोक्याबाहेर असताना. रोनाल्डिन्होला आणायच्या गप्पा झाल्या. खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात निघाली. दुसऱ्याच मोसमात, मे २०१२ मध्ये, संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या दिवशी विगनविरुद्धच्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. (कोंबडीचं काय चुकलं होतं, हे मी अजून इथं कुणाला विचारलेलं नाही.) पुढच्या मोसमात मॅनेजरांची रांगच लागली. हेनिंग बर्ग हा तर १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू, त्यालाही ५७ दिवसांत घरी पाठवलं. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत पोचला. वर्षभरात परत दुसरीत आला आणि तेव्हापासून तिथंच आहे. वर चढत नाही.

इथपर्यंत ऐकलं की आमचा ग्रुप म्हणतो, "म्हणजे वाईट मालक मिळाला त्यांना. आपण चांगला बघू."

इथं माझं आणि त्यांचं बिनसतं. वेंकीजनी पैसा दिला नाही असं इथला कट्टर विरोधकसुद्धा म्हणत नाही. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी २० कोटी पौंडांहून जास्त या क्लबात घातलेत. दरवर्षी तोटा होतो आणि दरवर्षी ते तो भरतात. त्यांनी हात वर केले असते तर हा क्लब कधीच दिवाळखोरीत गेला असता. शेजारच्या परगण्यात शेफील्ड वेन्सडेचं तेच झालं. थायलंडच्या मालकाकडून २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार वारंवार थकले, ऑक्टोबरमध्ये क्लब प्रशासकांच्या हातात गेला आणि बारा गुण कापले गेले. तेव्हा माणसं वाईट आहेत असं म्हणून हा विषय संपत नाही. लोकांचा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. यांना विचारायचं कुणी, आणि गाठायचं कुठं?

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक बसतात. ईवुड पार्क या रोव्हर्सच्या मैदानावर, जॅक वॉकर स्टँडमध्ये त्यांची जागा ठरलेली. थर्मास, बिस्किटं आणि खिशात घडी घातलेले कागद. सुरुवातीला मला वाटलं, शब्दकोडं असेल. मध्यंतरात ते कागद उलगडून पेन्सिलीनं खुणा करत होते म्हणून डोकावलो, तर क्लबचा वार्षिक ताळेबंद! इंग्लंडमध्ये प्रत्येक कंपनीचे हिशेब सरकारी निबंधकाकडे जमा होतात आणि कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. हा माणूस पगारावरचा खर्च, खेळाडूविक्रीतून आलेली रक्कम, मालकाच्या कंपनीचं येणं, सगळं ओळीनं वाचत होता. ॲडम व्हार्टन हा याच गावचा पोरगा, २०२४ च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेस क्लबला विकला गेला. तो पैसा कुठल्या रकान्यात गेला ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. मग विचारलं, "तुमच्याकडचे हे लोक मॅच बघायला का येत नाहीत हो?" याला मी काय उत्तर देणार?

त्यात आणखी एक भानगड. भारतात मालकांच्या मागे लागलेल्या तपासामुळे इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. म्हणजे ब्लॅकबर्नला बचावपटू घेता येईल का, हे काही प्रमाणात दिल्लीतल्या तारखेवर. आमच्याकडे वाटणीचा दावा पडला की शेत पडीक राहतं, तसंच हे. २०२५ मध्ये महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेतला, कारण तिथल्या परवान्याच्या अटींवर खर्च करायचा नव्हता. त्या मुली गावातल्याच, आसपासच्याच. त्यांच्या आयांनी कुणाच्या दारात जायचं?

आता हेच आमच्या पेठेत लावून बघा. आमच्या तालमीचा अध्यक्ष सकाळी कुठल्या टपरीवर चहा पितो ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मॅच हरली की दुसऱ्या दिवशी त्याचा चहा गोड लागत नाही, एवढी व्यवस्था आपल्याकडे आहे आणि ती फुकट आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही आमच्या संघांची सगळी नावं कुणाच्या खिशातली नाहीत. कुस्तीचा आखाडा होता, त्याच्या मंडळाचा फुटबॉल संघ झाला. पेठेची ईर्षा पेठेतच राहिली. शाहू स्टेडियमवर दोन तालमी भिडतात तेव्हा भर उन्हात जी गर्दी लोटते, ती बघितली तर ईवुड पार्कच्या एकतीस हजार खुर्च्यांतल्या रिकाम्या रांगा बघून हसू येतं. आणि अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा कोल्हापूरच्या फुटबॉलला कुठला मालक होता?

म्हणून आपलं सगळं गोजिरं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. परदेशात राहणाऱ्याला गावाकडचं सगळं सोनं दिसतं, तो रोग मला नाही. चहाच्या टपरीवर अध्यक्षाला शिव्या घालता येतात, पण हिशेब विचारता येत नाही. विचारून बघा. "तू कोण विचारणारा?" इथून सुरुवात होते. बाहेरचा खेळाडू कितीला आणला, पैसे कुणी दिले, त्या बदल्यात जर्सीवर कुणाचा फोटो आला आणि निवडणुकीत पेठेनं काय दिलं, हे सगळ्यांना कुजबुजत माहीत असतं, कागदावर कुठंच नसतं. पेठेतला पोरगा बाकावर बसून मोसम काढतो. स्टँडात बाटल्या आणि दगड चालतात, पोलीस मॅच थांबवतात, गुन्हे दाखल होतात आणि खरा फुटबॉल शौकीन बायकापोरांना घेऊन यायचं बंद करतो. ज्या तालमी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांना धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तो किती जणांनी कधी मागून बघितलाय? आमच्यात ताळेबंद घेऊन मॅचला येणारा बसचालक अजून जन्मायचाय.

आणि मालकाची हौस महाराष्ट्रानं केलेलीच आहे की. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, आय-लीगमध्ये उपविजेता झाला, २०१५ पर्यंत आटोपला. मग इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी आला, मालकांत हृतिक रोशन. बालेवाडीला त्यांच्या मॅच बघायला कोल्हापुरातून गाड्या करून पोरं जायची, मीही गेलोय. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं २०२२ मध्ये आयएसएल जिंकली, आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. पुण्याच्या ज्या पोरानं नारंगी जर्सी विकत घेतली त्याला या प्रवासात कुणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, कारण संघ शहराचा कधीच नव्हता, फक्त नाव शहराचं होतं. २०२५ मध्येच भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला आणि अख्खी आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही. देशातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांच्या संघांचे खेळाडू घरी बसून होते. त्या काळात तालमी खेळाडू नोंदणीच्या तयारीत होत्या.

इंग्लंडलाही हे शहाणपण उशिरा सुचलं. कार्डिफच्या मालकानं २०१२ मध्ये निळ्या जर्सीचा संघ लाल करून टाकला, लोकांनी अडीच वर्षं बोंब मारल्यावर परत निळा केला. शेफील्डच्या त्याच मालकानं क्लबचं स्टेडियम क्लबकडून काढून आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं होतं. बरी हा जुना क्लब २०१९ मध्ये लीगमधूनच बाहेर काढला गेला. एवढं सगळं झाल्यावर २०२५ मध्ये कायदा आला आणि फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला. आता मैदान विकायचं तर त्याची परवानगी लागेल, बोधचिन्ह आणि जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांना विचारावं लागेल. दीडशे वर्षं क्लब चालवल्यावर त्यांना हे लिहून ठेवायची गरज पडली. आपण तर सुरुवातच करणार आहोत.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं, की मालक शोधायला माझी ना नाही. पैसेवाला येऊ दे. पण त्याला पाच-सात वर्षांच्या करारानं संघ चालवायला द्या, नाव आणि रंग तालमींकडे आणि मैदान शहराकडे राहू द्या. तो गेला तर नाव घेऊन जाता कामा नये. मुख्य म्हणजे आपल्या तालमीचा मागच्या मोसमाचा जमाखर्च आधी काढा आणि शाहू स्टेडियमच्या दारात चिकटवा. जो माणूस स्वतःच्या तालमीला हिशेब विचारू शकत नाही तो मुंबईच्या उद्योगपतीला काय विचारणार? जर्मनीत क्लबाच्या मतांचा निम्म्याहून मोठा वाटा सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे, त्याबद्दलही चार ओळी लिहिल्या. त्या कुणी वाचल्या नसाव्यात.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या खजिनदाराचा, म्हणजे माझ्या शाळेतल्या दोस्ताचा निरोप आला, "लई शाना झालास तिकडं जाऊन. आधी वर्गणी पाठव, मग हिशेब विचार."

त्याच रात्री पाठवली. पावती मागितली आहे, अजून आलेली नाही. रोज मागतोय.