नरसाळं

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेले चार महिने जे नरसाळं उभं आहे, ते माझं आहे. आधीच कबूल करून टाकतो. लोकांनी आतापर्यंत त्याला तंदूर म्हटलंय, सोलर कुकर म्हटलंय, आणि एका कुरिअरवाल्याने तर खालूनच हात जोडून "कळस चढवायचाय का?" असं विचारलंय. ती रेडिओ दुर्बीण आहे. तिने दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं, आणि तेही कानाला नाही. यापुढचं समजावून सांगेपर्यंत माणसं जिना उतरून गेलेली असतात.

सुरुवात खोडदला झाली. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तमाशाची पंढरी. तिथून थोडं आत गेलं की खोडद, आणि खोडदला जीएमआरटी, म्हणजे महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस अजस्र तबकड्या, काही मध्यभागी गोळा करून ठेवलेल्या, बाकीच्या तीन दिशांना पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप नावाच्या माणसाने ही सगळी उठाठेव केली, आणि तीसुद्धा काटकसरीने: तबकडीला अखंड पत्रा न लावता बारीक तारेची जाळी ताणली. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, सहकुटुंब बघायला गेलो होतो. बायकोने मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही तर मच्छरदाणी." मच्छरदाणीच. लहर लांब, भोक लहान, त्यामुळे लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो.

परतीच्या वाटेवर आळेफाटा-संगमनेरच्या ट्रकांमागे रांगत असताना माझ्या मनात आलं की त्यांना तीस लागल्या, आपल्याला एक पुरे.

ऐकायचं होतं हायड्रोजनला. या अणूत माणसं दोनच, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांची गिरकी एकाच बाजूची असली तर कधीतरी इलेक्ट्रॉन पलटी मारतो, आणि मारताना १४२०.४ मेगाहर्ट्झची एक बारीकशी लहर सोडतो, २१ सेंटिमीटर लांबीची. एखाद्या अणूला ही पलटी सुचायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं लागतात. आमच्या पुनर्विकासाच्या ठरावाहून थोडी जास्त. पण आकाशगंगेत हायड्रोजन एवढा पडलाय, की कुणी ना कुणी कायम पलटत असतोच. आणि १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर आकाश ऐकण्यासाठी राखून ठेवलाय, तिथे कुणी काही प्रसारित करायचं नाही. हे वाचून मला खरोखर भरून आलं. सगळ्या देशांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं आहे अशी एक तरी जागा आहे म्हणायची.

सामान फार नाही. अंगठ्याएवढं एक डोंगल, मुळात टीव्ही बघायसाठी काढलेलं, क्षीण लहर वाढवणारी एक चिमुकली डबी, केबल, लॅपटॉप. आणि लहरी गोळा करायला पत्र्याचं नरसाळं: तोंड अडीच फूट, मागे निमुळतं होत एका चौकोनी पेटीत शिरणारं. पेटीत तांब्याची सव्वापाच सेंटिमीटरची तार उभी करायची, म्हणजे लहरीचा चौथा हिस्सा. पेटीचं बूड बंद.

या बंद बुडाने घात केला.

भद्रकालीतल्या एका गल्लीत पत्र्याचं काम करणारे एक चाचा आहेत. कागदावरचं चित्र त्यांनी आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं.

"साहेब, एवढं मोठं नरसाळं. काय ओतायचं?"

"काही नाही ओतायचं."

"मग खालून काय येणार?"

"खालून काही येणार नाही. बूड बंदच ठेवायचंय."

चाचांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला मी बूडबंद नरसाळं करायला सांगत होतो. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी गेलो तर नरसाळं तयार, नवाकोरा जीआय पत्रा, सांधे असे बसवलेले की नख जाऊ नये. आणि बुडाला छान गोल भोक, वर दोन इंची तोटीसुद्धा.

"तुम्ही सांगायला विसरला होता," चाचा म्हणाले. तोटीचे पैसे घेतले नव्हते.

ती तोटी कापून तिथे डाग द्यायला सांगताना माझी मानच वर होईना. चाचांनी डाग दिला, पण देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आमच्याकडे फक्त भरल्या ताटावरून उठणाऱ्याला मिळते.

(जुलैत पहिला मोठा पाऊस झाला. आकाशाकडे आ वासून उभ्या नरसाळ्यात पाणी साचलं, पेटी बुडाली, तारेवर हिरवा गंज चढला. पाणी काढायला खाली एखादं भोक असतं तर! माझं सांत्वन एवढंच, की १९५१ साली हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी ही २१ सेंटिमीटरची लहर जगात पहिल्यांदा पकडली, तीसुद्धा खिडकीबाहेर लावलेल्या अशाच नरसाळ्याने, आणि त्यातूनही पावसाचं पाणी प्रयोगशाळेत शिरायचं. वर तिथली पोरं त्यात नेम धरून बर्फाचे गोळे टाकायची. आमच्याकडे बर्फ नाही. रबरी चेंडू सात निघाले, शटलकॉक चार.)

गच्चीवर वस्तू ठेवायची म्हणून सोसायटीची परवानगी मागितली. चूक झाली. न विचारता ठेवलं असतं तर कुणी पाहिलंही नसतं, तिथे दोन मोडके पाळणे आणि कुणाचा तरी सोफा आठ वर्षं सुखाने नांदतायत. पण अर्जात 'अँटेना' हा शब्द होता. सेक्रेटरींनी तो 'टॉवर' असा वाचला आणि विशेष सभा बोलावली. सभेत सरळ दोन तट. एका तटाला किरणोत्सर्गाची भीती, दुसऱ्याला भाड्याची आशा. भाडेवाल्यांनी तर येणाऱ्या पैशांतून लिफ्ट बदलायची की रंग काढायचा इथपर्यंत मजल मारली होती. शेवटी मी उभा राहिलो.

"हे यंत्र काहीही सोडत नाही. फक्त ऐकतं."

यावर मिटेल असं मला वाटलं. सभा एकदम गार पडली.

"ऐकतं म्हणजे?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. "खालचंही?"

मी म्हटलं, त्याचं तोंड वर आहे. कान वर करून माणूस खालचंच ऐकत असतो, असं एक आजोबा म्हणाले, आणि टाळ्या त्यांना मिळाल्या. परवानगी मिळाली, पण त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरची भांडणं खिडक्या लावून होतात. घरात तीन फुटांवरून बोललेलं ऐकू येत नाही आणि निघालेत आकाशातलं ऐकायला, हा विनोद मात्र मला आजवर अकरा जणांनी सांगितला, प्रत्येकाने आत्ताच सुचल्यासारखा. बारावी बायको. तिला मी सुचल्याचं श्रेय देतो, घरात राहायचंय.

मग सुरू झालं ते "आलं का काही?"

दूधवाला, वॉचमन, कंपनीतले लोक, सगळे एकाच सुरात. मुलगी दाखवून आलेल्या घरी विचारतात ना, तसं. काही यायचंय म्हणजे परग्रहावरून, हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं. त्यांचा तरी काय दोष? १९६० साली फ्रँक ड्रेकने दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून कुणी बोलतंय का हे ऐकलं, ते याच १४२० मेगाहर्ट्झला. १९७७ च्या १५ ऑगस्टला अमेरिकेत ओहायोतल्या दुर्बिणीला याच्याच जवळपास ७२ सेकंदांचा एक जबरदस्त सिग्नल मिळाला, तिथल्या शास्त्रज्ञाने कागदावर शेजारी लाल शाईत 'वॉव' लिहिलं, आणि पुन्हा तो काही कुणाला सापडला नाही. हे मीच वॉचमनला सांगितलं होतं. तेव्हापासून तो १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला माझ्याकडे फार सूचक बघतो.

मला येत होती खरखर. सहा आठवडे नुसती खरखर.

आणि पितृपक्षात कावळा. पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांच्या शिंगासारख्या अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं, ते झाडून पुसून घेतल्यावरही जी खरखर उरली ती विश्वाच्या जन्माची निघाली आणि दोघांना नोबेल मिळालं. माझं उलटं. माझ्या चकाकत्या पत्र्याला बिचकून गच्चीवर एकही पक्षी फिरकेना. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी काकांच्या तिथीला पान ठेवलं, अकरा वाजले, बारा वाजले, कावळा शिवेना. रामकुंडाच्या गावात राहून ही वेळ!

"तुझ्या त्या नरसाळ्यामुळे बघ," काकू म्हणाल्या. "काहीतरी इच्छा राहिलीय असं वाटेल ना लोकांना."

मी धावत जाऊन जुनी चादर आणून नरसाळ्यावर टाकली. दहा मिनिटांत कावळा आला, वडा उचलून गेला. चादर मी तशीच राहू दिली. रेडिओ लहरींना सुती चादर म्हणजे काहीच नाही, त्या आरपार येतात. फक्त संध्याकाळी गच्चीवर येणारे लोक त्या पांढऱ्या आकाराला बघून दारातूनच परत फिरू लागले, ते एक बरं झालं.

चादर टाकली त्याच आठवड्यात तो आला.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आलेखावर अचानक एक सुळका. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि जरासा आधी! माझ्या हातापायांना घाम फुटला. कारण आकाशातली गोष्ट घड्याळापेक्षा रोज चार मिनिटं आधी येते. पृथ्वीची एक गिरकी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. १९३० च्या दशकात कार्ल जान्स्कीने याच चार मिनिटांवरून ओळखलं, की आपल्या अँटेनातली खरखर सूर्याची नाही, कुठल्या वादळाचीही नाही, ती आकाशगंगेतून येतेय. रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झालं. आणि आता इंदिरानगर, नाशिक.

रात्री मी झोपलो नाही. आठवडाभर वेळा वहीत लिहिल्या. मग वजाबाकी केली. सात दिवसांत अठ्ठावीस मिनिटं सरकायला हवं होतं. सरकलं होतं सहा.

सहाच मिनिटं का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे सहज नजर गेली. सूर्यास्त. सप्टेंबरच्या अखेरीला नाशिकचा सूर्य आठवड्यात सहाएक मिनिटं लवकर मावळू लागतो. म्हणजे माझा सिग्नल तारे बघून येत नव्हता, दिवेलागण बघून येत होता.

गच्चीवरची वीज मी काकूंच्या गॅलरीतल्या प्लगमधून घेतली होती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली. दुसऱ्या दिवशी बायकोला लॅपटॉपसमोर बसवून मी काकूंच्या देवघरात जाऊन उभा राहिलो. काकूंनी शुभंकरोति म्हणत विजेच्या समईचं बटण दाबलं.

"आलाऽऽ!" वरून बायको ओरडली.

"कोण आलं रे?" काकू.

"बंद करा जरा."

"गेलाऽऽ!"

"अगं बाई, आलं कोण आणि गेलं कोण?" काकूंनी तीनदा समई लावली आणि विझवली, तीनदा तो आला आणि गेला. समईचा तो चपटा अडॅप्टर तारेतून सगळा कचरा माझ्या डोंगलपर्यंत पोचवत होता. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या ६४ मीटरच्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं चकवणारे काही सिग्नल २०१५ साली मायक्रोवेव्हचे निघाले होते. घंटा वाजायच्या आत कुणीतरी दार उघडायचं. निदान माझा गुन्हेगार देवघरातला होता.

पण पंचाईत अशी, की आकाशगंगेचा दाट पट्टा जिथे आहे तो हंस तारकासमूह ऑक्टोबरच्या मध्यावर डोक्यावर येतो नेमका सात त्रेचाळीसच्या आसपास. काकूंची समई रात्री दहापर्यंत. आणि आठवड्याभरात दिवाळी. एकदा माळा लागल्या की संपलं, मग कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काही खरं नाही. मी चाचरत काकूंना विचारलं, एक दिवस समई लावली नाही तर?

"वा रे वा! दिवा न लावता कसं चालेल?"

थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग माळ्यावरच्या पितळी समईचं नाव काढलं. मीच ती उतरवली, चिंच लावून घासली, वाती काकूंनी वळल्या. तेलाच्या ज्योतीतून एक मेगाहर्ट्झही बाहेर पडत नाही.

सात वाजून चाळीस मिनिटं. नरसाळं उत्तरेकडे थोडं कललेलं, वर चादर. बायको, मी, आणि गुडघे धरत चढून आलेल्या काकू, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. आलेखावर सपाट रेघ. खरखर एकावर एक रचत सरासरी काढायची असते, त्यामुळे काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग १४२०.४ च्या जरा उजवीकडे रेघ फुगली. सुळका नाही, भात शिजताना झाकण उचलतं, तेवढीच. मी नरसाळं जमिनीकडे फिरवलं, फुगवटा गेला. पुन्हा वर केलं, हळूहळू आला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. हजारो वर्षांपूर्वी निघालेलं ते सगळं भद्रकालीच्या पत्र्यात येऊन पडलं होतं, चाचांनी नाखुशीने दिलेल्या डागाच्या अलीकडे.

"हा?" काकूंनी बोट टेकवलं. "एवढुसाच?"

"एवढाच."

"काय म्हणतोय?"

"काही नाही म्हणत, काकू. हायड्रोजन आहे. आपल्या बाजूला सरकतोय, म्हणून जरा उजवीकडे दिसतोय."

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. खाली देवघरात समई एकटीच जळत होती, म्हणून त्यांना घाई होती. उठता उठता त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"रोज चार मिनिटं आधी म्हणालास ना?"

"हो."

"म्हणजे उद्या सात एकोणचाळीस," काकू म्हणाल्या. "खुर्ची आत नको ठेवूस."