शाळेचे नाव: लागू नाही

कालचीच गोष्ट. रात्री झोपताना आठवली, सकाळी दात घासताना पुन्हा आठवली, म्हणून एकदाची लिहून मोकळी होते.

धाकट्याची दुधाची दाढ किडली होती. थोरलीलाही सोबत दाखवून घेऊ म्हणून दोघांना दातांच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीने दोन फॉर्म दिले. नाव, वय, वजन, कशाची ॲलर्जी आहे का, इथपर्यंत पेन सुसाट चाललं. पुढची ओळ होती, 'शाळेचे नाव व इयत्ता'. दाढेचा आणि इयत्तेचा संबंध काय, हे मला अजूनही कळलेलं नाही. तिसरीतल्या मुलांना वेगळी भूल देतात का?

धाकट्याचं बालवाडीवर भागलं. थोरली साडेसहाची. जुन्या शाळेतून तिचं नाव काढलंय आणि नव्या शाळेत अजून घातलेलं नाही. घरीच शिकवावं का, यावर आमच्या घरात गेले तीन महिने चर्चासत्र चालू आहे. मी ती जागा रिकामी सोडून फॉर्म परत दिला.

"मॅडम, शाळा राहिली."

"शाळा नाहीये सध्या. घरी शिकवायचा विचार चाललाय."

हे मी हळू बोलले होते, देवाशपथ. पण दवाखान्यातली शांतता अशी असते की कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी चारचौघांना कळतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे एक काका सावकाश माझ्याकडे वळले. त्यांना नुकतंच इंजेक्शन देऊन 'बधिर होईपर्यंत बाहेर बसा' असं सांगितलं होतं. एक गाल खाली ओघळलेला, अर्धी जीभ संपावर.

"हाळेत नाही घालणार?"

मला आधी वाटलं, ते कुणाला तरी हाळी देतायत.

"हाळेत!" त्यांनी हातवारे करून पाटी-पेन्सिल दाखवली. तेव्हा उजेड पडला. यापुढचं त्यांचं बोलणं मी वाचकांच्या सोयीसाठी शुद्ध करून लिहिते आहे. फक्त शाळा तेवढी त्यांच्या जिभेवर होती तशीच ठेवते, कारण पुढे तिचंच महाभारत झालं.

"मग मुलं मिसळणार कुठे?" काकांनी पहिला बाण सोडला.

हा प्रश्न येणार हे ठरलेलं असतं. आपण घरी शिकवायचं म्हटलं की समोरचा माणूस मुलांच्या मिसळण्याची काळजी करू लागतो. मी आजूबाजूला पाहिलं. सात माणसं, सात मोबाइल, दर दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी. ही सगळी शाळेत जाऊन मिसळायला शिकून आलेली मंडळी. आणि स्वतः काकांनी पाचच मिनिटांपूर्वी माझ्या मुलाला, तो माशांच्या टाकीपाशी एका मुलीशी बोलायला गेला तेव्हा, "एका जागी बस रे" म्हणून दटावलं होतं.

मी हसून "बघू" म्हटलं. "बघू" हे माझं या विषयावरचं अधिकृत धोरण आहे.

एवढ्यावर थांबतील ते काका कसले! त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं. परीक्षा! कुणाच्याही मुलाला सातचा पाढा विचारायचा अधिकार या लोकांना कोण देतं? शाळेत जाणाऱ्या मुलांना हेच लोक "वा, छान, कितवीत?" एवढं विचारून सोडून देतात. आमची मात्र जागच्या जागी तोंडी परीक्षा.

"सात आणि आठ किती?"

"पंधरा," थोरली म्हणाली. मी श्वास सोडला. "पण आजोबा, सत्तावीस आणि आठ केले की हातचा एक येतो ना, तो कुणाच्या हातात असतो?"

हा प्रश्न तिने मला बुधवारी विचारला होता. मी "गणितात असतो" असं उत्तर दिलं होतं. दहा सुट्या एककांचा एक गठ्ठा बांधून शेजारच्या घरात पाठवायचा, असं काड्या घेऊन दाखवायला हवं होतं, हे मला गुरुवारी सुचलं. आमच्या घरच्या शाळेची दोन आठवड्यांची चाचणी साधारण अशीच गेली. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला दहा मिनिटं झाली आणि तिने विचारलं, "मधली सुट्टी कधी?" चौथ्या दिवशी मी तिच्या वहीवर खसकन लाल रेघ ओढली. तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी तिच्या जांभळ्या हत्तीवर ओढली होती, हुबेहूब तशी. त्या रेघेवरून तर मी तिला शाळेतून काढलं होतं!

असो. काकांनी हातच्याचा प्रश्न ऐकला न ऐकल्यासारखा केला. मग थोरलीनेच परीक्षा उलटवली.

"आजोबा, गोगलगायीला दात किती असतात?"

"गोगलगायीला दात नसतात."

"असतात. हजारो. जिभेवर असतात, एकदम बारीक बारीक. त्याने ती पानं खरवडते."

"हजारो म्हणजे किती? नक्की आकडा सांग."

थोरली गप्प.

"बघा!" काका विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. ओघळलेला गालसुद्धा थोडा वर आला. "अर्धवट ज्ञान! हाळेत असती तर आकडा पाठ असता!"

कोणत्या शाळेत गोगलगायीच्या दातांचा आकडा पाठ करून घेतात, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात धाकटा माशांना सोडून आला, काकांच्या गुडघ्यापाशी उभा राहिला, आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत मला म्हणाला, "आई, आजोबांना शाळा म्हणता येत नाही."

"अरे, असं बोलू नये..."

"हाळा नाही, आजोबा. शाळा. श शहामृगाचा."

"हाळा," काका म्हणाले.

"नाही. परत म्हणा. श."

"ह."

"श, श!"

"ह... हहामृग."

काउंटरवरची मुलगी काहीतरी पडल्याचं निमित्त करून खाली वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही. धाकटा मात्र गंभीर. ना चिडला, ना लाल रेघ ओढली. काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "होईल, उद्या येईल तुम्हाला." हा धीर त्याने कुणाकडून घेतला कोण जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

आता माणसाने इथे हसून विषय सोडावा की नाही? पण काका पेटले. "जर्मनीत असं केलं तर दंड होतो, माहितीये?"

माहितीये हो! हीच तर चीड आहे. तिथे मुलाने शाळेत हजर राहणं सक्तीचं आहे, आईबापांना वाटलं म्हणून घरी शिकवता येत नाही. हे मी रात्री दोन वाजता वाचलेलं आहे. अमेरिकेत 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत ते कायदेशीर झालं होतं, हेही वाचलंय. आणि इंग्लंडच्या 1944 च्या शिक्षण कायद्यात मुलाला शाळेत पाठवून 'किंवा अन्य प्रकारे' शिकवावं असं होतं. ते 'किंवा अन्य प्रकारे' 1996 च्या कायद्यातही तसंच राहिलं. माझा त्या शब्दांवर फार जीव जडलाय. एवढ्याशा शब्दांच्या फटीतून तिथली हजारो कुटुंबं शाळेबाहेर पडली. मी फॉर्मवर तेच लिहायला हवं होतं. शाळेचे नाव: अन्य प्रकारे.

पण हे सगळं ज्ञान दातांच्या दवाखान्यात काडीच्या कामाचं नसतं. आणि पुढच्या वाक्याला काकांनी माझा मुद्दाच संपवला.

"मग तुमच्या नोकरीचं काय?"

तुमच्या. म्हणजे माझ्या. 'तुम्हा दोघांपैकी कोण शिकवणार' असा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारलेला नाही. सासूबाईंनी नाही, मैत्रिणींनी नाही. नवरा उत्साहात आहे. त्याने एडिसनचं उदाहरण दिलं, की त्याला म्हणे आईने घरी शिकवलं. शिकवलं होतं, खरं आहे. पण ती मुळात शिक्षिका होती. आणि ज्या मुलांना आईने घरी शिकवूनही बल्ब सुचला नाही, त्यांचे मेसेज कोण पाठवतंय?

बापाने शिकवल्याचं एक उदाहरण मलाही सापडलं. जॉन स्टुअर्ट मिल, पुढे नावाजलेला इंग्रज तत्त्वज्ञ, जन्म 1806. तीन वर्षांचा असताना ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, सगळं बापाकडून. बाप, म्हणजे जेम्स मिल, त्याच टेबलावर हिंदुस्थानच्या इतिहासाचे खंड लिहीत बसलेला असायचा. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकता, पण तो वेगळा राग. ग्रीकचा इंग्रजीत अर्थ देणारा कोश हाताशी नव्हता, म्हणून पोरगं प्रत्येक अडलेला शब्द बापाला विचारायचं, आणि तो तापट माणूस लिहिणं थांबवून सांगायचा. घरून काम आणि घरून शाळा यांचा इतका जुना दाखला पाहून मी भारावलेच. नवऱ्याला वाचून दाखवणार, तेवढ्यात पुढचं वाचलं. मुलगा विसाव्या वर्षी खोल नैराश्यात गेला. ते बाजूला ठेवू. त्या घरात नऊ मुलं होती. हा सगळ्यांत थोरला, आणि धाकट्यांना शिकवायचं काम त्याच्याकडे. नऊ मुलांच्या त्या घराचं बाकीचं सगळं कोण बघत असेल? मोठेपणी त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्यात बापाच्या शिकवणीवर पानंच्या पानं आहेत. छापलेल्या पुस्तकात आईचा उल्लेखच नाही.

हे मी काकांना सांगितलं नाही. "बघू," म्हटलं.

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. दारापर्यंत गेले, थबकले, मागे वळले. मला वाटलं, आता आणखी एक देश. पण त्यांनी थोरलीला विचारलं, "जिभेवर? नक्की?" तिने मान हलवली. काकांनी बधिर जीभ बाहेर काढून बोटाने चाचपून पाहिली आणि आत गेले.

धाकट्याची दाढ भरून झाली. निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, शाळेची जागा रिकामी ठेवली की कॉम्प्युटर पुढेच जात नाही. मी 'लागू नाही' टाकलंय, चालेल ना?" बिचारी चांगली होती. चालेल म्हटलं.

आज सकाळी दवाखान्याचा मेसेज आला. 'प्रिय पालक, लागू नाही या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत दंततपासणी शिबिर घेण्यात येणार आहे. पालकांपैकी कोणी एकाने उपस्थित राहावे.'

मी तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो पोट धरधरून हसला. मग 'कोणी एकाने' या शब्दांवर त्याचं हसू ओसरलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.