कुंचीतला राक्षस

मुलांना झोप यावी म्हणून रात्री पुस्तक वाचून दाखवावं, हा सल्ला देणाऱ्यानं आयर्लंडमधली मुलांची विनोदी साहसपुस्तकं नक्कीच पाहिलेली नसणार. ही पुस्तकं ऐकून आमच्या घरात आजवर झोप लागली आहे ती फक्त मला, आणि तीसुद्धा वाक्याच्या मध्यात. मग पोटात कोपर बसतं आणि राक्षस पुन्हा उठतो.

आम्ही डब्लिनजवळ लुकनला राहतो. कन्या इथल्या शाळेत दुसरीत आहे. पुस्तकं लायब्ररीतून येतात आणि मुक्कामालाच येतात, कारण आयर्लंडनं 2019 पासून सार्वजनिक वाचनालयांचा उशिराचा दंडच रद्द केला. सरकारचा हेतू उदात्त असेल, पण आईबापांचा विचार कुणी केला? पूर्वीच्या बापाला "उद्या परत द्यायचंय बाळा, नाहीतर दंड बसेल" असं म्हणून सुटता यायचं. आता एकच पुस्तक पाठ होईपर्यंत वाचावं लागतं. माझं झालंय. तिचं आधीच झालं होतं, त्यामुळे एखादा परिच्छेद गाळायची सोय नाही. थकून दोन पानं एकदम उलटली तर ती अंधारातसुद्धा पकडते: "बाबा, बकरीचं राहिलं."

बकरी म्हणजे पूका. आयरिश भूत, हव्या त्या जनावराचं रूप घेणारं. या पुस्तकांत सगळेच बोलतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा. कॉर्कचा राक्षस गाण्यासारखा हेल काढून बोलायला हवा, डोनेगलची म्हातारी वेगळी, आणि डब्लिनच्या सीगलला तर कुणाचाच मुलाहिजा नाही. माझ्या तोंडून हे सगळे मिरजेच्या स्टँडवर भेटल्यासारखे बोलतात. त्यावर अक्षरांचा तमाशा वेगळाच. ओळ सरळ चालत असते, मध्येच शब्द मोठा होतो, मग पानभर होतो, मग घसरून खाली पडतो. पानभर शब्द पानभरच ओरडावा लागतो. आमच्या घराची मधली भिंत पुठ्ठ्याची असावी असा मला संशय आहे. शेजारच्या आजीबाईंनी एकदा कचऱ्याचे डबे बाहेर काढता काढता विचारलं, "कालचा तो राक्षस मेला का शेवटी?"

यात थोर लेखकही मागे नाहीत. रॉडी डॉयलला 1993 साली बुकर मिळालं. म्हणजे भारदस्त माणूस, कपाटात वरच्या फळीवर ठेवायचा. त्यानं 2000 साली मुलांसाठी 'द गिगलर ट्रीटमेंट' लिहिलं. त्यात मुलांशी अन्यायानं वागणाऱ्या मोठ्या माणसांच्या वाटेत कुत्र्याची शी ठेवणारे छोटे केसाळ प्राणी आहेत. माल पुरवणारा कुत्रा रोख पैसे घेतो. आणि बळी कोण, तर एक साधासुधा बाप. त्याचा बूट त्या ढिगाकडे निघालाय, आता पडणार, इतक्यात लेखक दुसरंच काहीतरी सांगायला लागतो. पाऊल अधांतरी, प्रकरणांवर प्रकरणं. बुकरविजेत्याच्या शैलीबद्दल मी बोलू नये, पण हा मजकूर मोठ्यानं वाचताना घशाचं काय होतं ते मला माहीत आहे. "बाबा, तू काल मला आइस्क्रीम दिलं नाहीस ना," असं कन्या त्यानंतर म्हणाली. मी दोन दिवस खाली बघून चालत होतो.

एकूण या पुस्तकांचा रोख स्पष्ट आहे. जो मोठा, तो मूर्ख. आमच्या लहानपणी गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असायचं आणि ते नेहमी लहानांनाच लागू पडायचं. इथे तात्पर्य नसतंच. असलंच तर बापाच्या डोक्यावर बादलीसारखं पडतं.

आता फिन मॅककूल घ्या. जुन्या काव्यांमधला हा महावीर, फियाना योद्ध्यांचा सेनापती. चित्रांच्या पुस्तकात त्याचं काय झालंय पाहा. तो अँट्रिमच्या किनाऱ्यावरून समुद्रात दगडी वाट बांधतो, स्कॉटलंडच्या बेनानडॉनर राक्षसाला "ये, बघतो तुला" म्हणून आव्हान देतो आणि तो खरोखरच निघाला, शिवाय आपल्यापेक्षा थोराड आहे, हे दिसल्यावर धावत घरी येऊन बायकोमागे लपतो. बायको ऊना. ती आरडाओरडा करत नाही. नवऱ्याच्या डोक्याला टोपडं बांधते, त्याला पाळण्यात घालते आणि भाकरी भाजायला बसते. निम्म्या भाकरींच्या पोटात लोखंडी तवा. पाहुण्याचे दात पडतात. पाळण्यातलं 'बाळ' साधी भाकरी मचमच खातं. पाहुणा कुतूहलानं बाळाच्या तोंडात बोट घालतो, बाळ कडकडून चावतं. बाळ असं, तर बाप कसा असेल, या विचारानं बेनानडॉनर स्कॉटलंडकडे पळत सुटतो आणि जाताना वाट उखडून टाकतो.

ऊनाला मी माझ्या आत्याचा आवाज दिला आहे. फार आठवावं लागलं नाही. आत्यानं आयुष्यभर हेच केलं, फक्त पाळणा नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती वाटही पाहून आलो. जायंट्स कॉजवे. बेसॉल्टचे साधारण 40,000 खांब, बहुतेक षटकोनी, कुणी फरश्या बसवाव्यात तसे समुद्रात उतरत गेलेले. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला की असे खांब होतात, हे मी कन्येला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली आणि मला समजावलं की ते फिननं बांधलंय. मग हुशारी दाखवायच्या नादात मी सांगितलं की आपल्या मुंबईतही असेच खांब आहेत, अंधेरीला, गिल्बर्ट हिल म्हणतात, तोही बेसॉल्टच.

"तो कुठल्या राक्षसानं बांधला?"

"त्याच्या आजूबाजूला ज्यांनी बांधलं, त्यांची नावं बोर्डावर आहेत," बायको म्हणाली.

हे सगळं इथवर ठीक होतं. पण मार्च आला. जगाचा पुस्तक दिन 23 एप्रिलला असतो. आयर्लंड आणि ब्रिटनचा मार्चच्या पहिल्या गुरुवारी. त्या दिवशी शाळेतल्या मुलांनी पुस्तकातलं पात्र होऊन जायचं. दुकानात तयार पोशाख मिळतात, चेटकीण घ्या, समुद्री चाचा घ्या, काम संपलं. आमच्या कन्येनं जाहीर केलं, "मी फिन होणार."

"वा! दाढी लावू, लोकरीची शाल, हातात काठी..."

"तसा नाही. पाळण्यातला."

जरा विचार करा. मूल राक्षस झालंय आणि तो राक्षस मूल झालाय. गणित सोडवत गेलं की दोन्ही बाजूंचं कटून शेवटी हातात मूलच उरतं. सात वर्षांची मुलगी टोपडं घालून शाळेत गेली तर त्यात राक्षस कुणाला दिसणार? मी हे मांडून पाहिलं. "दाढी टोपड्याच्या खालून दिसेल ना," ती म्हणाली. बरोबर होतं.

टोपडं आलं सांगलीहून. व्हिडिओ कॉलवर आईनं प्रकरण नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टोपडं कशाला, कुंची शिवते." खणाची, मागे पाठीवर पदरासारखी सोडलेली, कडेनं झालर, गळ्याशी बंद. कुरिअरच्या ऑफिसात फॉर्मवर काय लिहायचं म्हणून तिला विचारलं, तर तिनं खरं ते सांगितलं: बाळाची कुंची. बाळ केवढं? सात वर्षांचं. समोरच्या माणसानं म्हणे पेन खाली ठेवलं.

मग तालीम. फिन कन्या, ऊना बायको, बेनानडॉनर अर्थातच मी. भाकरीत तवा घालायचा आग्रह होता, तो कसाबसा जेवणाच्या डब्याच्या झाकणावर मिटला. बोट मात्र खरंच घालावं लागलं. एकोणिसाव्या शतकात विल्यम कार्लटननं ही गोष्ट लिहिली तेव्हा पाहुण्या राक्षसाची सगळी ताकद त्याच्या मधल्या बोटात होती आणि फिन ते तोडूनच टाकतो. आताची चित्रांची पुस्तकं मवाळ झाली आहेत, चावतात आणि सोडतात. आमची कन्या कार्लटनच्या परंपरेतली. ऑफिसात कळफलकावर मी त्या आठवड्यात नऊ बोटांनी काम केलं.

गुरुवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी अर्धा डझन चेटकिणी, एक सुरवंट आणि भिजलेला चाचा उभा होता. पाऊस होताच. खणाची कुंची, खालून लोंबणारी काळी दाढी, काखेत भाकरी. बाई वाकून कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड! तू लाल टोपीवाली मुलगी ना?"

कन्येनं श्वास घेतला. पानभर अक्षरांचा श्वास मला आता ओळखता येतो, मी मागे सरकलो. तिनं संपूर्ण गोष्ट सांगितली, कॉजवेपासून तव्यापर्यंत, ऊनाच्या जागी माझ्या आत्याच्या आवाजात, आणि बोटाच्या प्रसंगाशी येऊन बाईंकडे अपेक्षेनं बघत राहिली. बाईंनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

संध्याकाळी शाळेतून मिळालेलं दीड युरोचं कुपन घेऊन आम्ही पुस्तकांच्या दुकानात गेलो. कुपनात एक छोटं पुस्तक फुकट मिळतं. ते घेऊन झाल्यावर तिनं फळीवरची लीरच्या मुलांची गोष्ट उचलली, जिच्यावर कुपन चालत नव्हतं. सावत्र आईच्या शापानं चार भावंडं हंस होतात आणि 900 वर्षं तळ्यात, समुद्रात पोहत राहतात. पुढच्या मार्चला हे व्हायचं ठरलंय.

"चौघांपैकी कोण?" मी विचारलं.

"चौघंही," ती म्हणाली. "आजीला पिसं सांग."