६४१ कुठून आला?

लेख आवडला. पण ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या नाही, तिला ६४१ ने भाग जातो, एवढंच सांगून तुम्ही पुढे गेलात. अहो, खरी गंमत तर तिथेच आहे!

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या तिच्या पाचही थोरल्या बहिणी मूळ, म्हणून हीसुद्धा मूळच असणार असं फ्रेंच गणितज्ञ फर्माला वाटलं. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने तिचे अवयव काढले: ६४१ × ६७००४१७. हिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हेही त्यानेच पुढे सिद्ध केलं. म्हणजे तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७... आणि पाचवा ६४१.

आता भागाकार न करता बघा. ६४१ = ५ × १२८ + १. १२८ म्हणजे २^७ (२ चा सातवा घात). म्हणून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ (पूर्ण भाग जायला एक कमी), आणि त्याचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा! म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ चालतो. तो ठेवला की −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला पूर्ण भाग जातो.

शिकवणीत दहावीच्या मुलांना हे दोन ओळींत फळ्यावर दाखवते. एका मुलीने तरीही घरी सगळा गुणाकार हाताने केला आणि दुसऱ्या दिवशी वहीचं पान पुढे धरलं. दहाच्या दहा अंक बरोबर होते.