फुटकी वाटी, नग एक

हासामीच्या माणसासमोर 'चिनी माती' हा शब्द काढू नये. मराठी माणसाची मात्र इथे पंचाईत होते, कारण आपल्याकडे दुसरा शब्दच नाही. लोणच्याची बरणी चिनी मातीची, आणि खास पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवलेल्या, पाहुण्यांनाही कधी न दिसलेल्या कपबश्याही चिनी मातीच्याच. हासामी हे जपानच्या नागासाकी प्रांतातलं गाव. तिथे चारशे वर्षं भांडी घडताहेत, आणि हल्ली त्यांची माती खरं तर माती नव्हेच. आमाकुसा बेटांवरचा दगड कुटून, भिजवून केलेला तो लगदा असतो. गंमत अशी की ही भांडी खपली शेजाऱ्यांच्या नावावर. आधी इमारी बंदरातून जात म्हणून 'इमारी', मग आगगाडी आल्यावर आरिता स्टेशनातून जात म्हणून 'आरिता'. २००० सालाच्या सुमारास मालावर मूळ गाव लिहिण्याचे नियम कडक झाले, तेव्हा कुठे हासामीला स्वतःचं नाव लावायला मिळालं. दुसऱ्याच गावच्या आंब्याच्या पेटीवर 'देवगड' लिहिलेलं पाहून ज्याचं रक्त खवळतं, त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

तर अशा गावातली दहा-बारा माणसांची एक कंपनी पहिल्यांदा परदेशी प्रदर्शनाला निघते, त्या प्रकाराबद्दल मला बोलायचं आहे. 'पहिल्यांदा' हे फक्त माणसांपुरतं खरं. भांडी कधीच जाऊन आली आहेत. डच व्यापारी नागासाकीहून सोया सॉस न्यायचे ते हासामीच्या बाटल्यांतून, आणि १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात शेजारच्या सागा संस्थानाने आरिताची भांडी मांडली होती. भांडी निर्धास्त प्रवास करतात. घाम फुटतो तो मालकाला.

ठिकाण बहुतेक वेळा फ्रँकफर्ट, प्रदर्शन 'अँबिएन्टे', महिना फेब्रुवारी, दिवस पाच. पहिला प्रश्न नमुने न्यायचे कसे. यावर उपाय म्हणजे एटीए कार्ने, सोप्या शब्दांत मालाचा पासपोर्ट. माल दाखवून परत आणणार असाल तर जकात भरावी लागत नाही. वरचं पान हिरवं. आतली पिवळी पानं आपल्या देशातून निघण्याची आणि परतण्याची, पांढरी पानं परदेशात शिरण्याची आणि तिथून बाहेर पडण्याची. प्रत्येक ठिकाणी शिक्का हवा. जपानमध्ये व्यापारी लवादाची संघटना हे पुस्तक देते, अनामत रक्कम किंवा हमी घेऊन. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

आता यातली मेख. कार्नेला जोडलेल्या यादीत प्रत्येक वस्तू क्रमांकानं लिहायची: वर्णन, नग, वजन, किंमत. जेवढे नग गेले तेवढेच परत आले पाहिजेत. पत्रकं, वाटायच्या भेटवस्तू, चहाची पूड हे या यादीत चालत नाही, कारण ते परत येणार नसतं. आणि शिक्का घ्यायचा तो सामान पट्ट्यावर सोडण्याच्या आधी. पहिलटकर हमखास इथेच चुकतो. बोर्डिंग पास घेतो, खोकी आत जातात, हात झटकून तो कस्टम्सच्या खिडकीशी येतो. अधिकारी विनयानं विचारतो, "माल दाखवता का?" माल तोवर विमानाच्या पोटात गेलेला असतो.

बांधाबांध हे जपानी माणसाचं हक्काचं क्षेत्र, तिथे आपण शिकवायला जाऊ नये. तरी एक सांगतो. थाळ्या आडव्या, एकीवर एक रचू नयेत. उभ्या, कडेवर ठेवाव्यात. खोकं आपटलं की आडव्या चळतीतल्या खालच्या थाळीवर वरच्या सगळ्यांचा भार येतो. उभी थाळी फक्त स्वतःचा भार सोसते. खोक्यात खोकं, मध्ये बोटभर भरताड. लाकडी पेटी केलीत तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा छाप हवा, नाहीतर भांडी राहतात बाजूला आणि चौकशी होते लाकडातल्या किड्यांची. चोवीस सेंटिमीटरची थाळी अर्धा किलोच्या पुढेच भरते, म्हणजे तेवीस किलोच्या बॅगेत खोक्यासकट पस्तीसेक थाळ्या. मालकाचे कपडे मग कुठे जातात? खांद्यावरच्या पिशवीत. पाच दिवस एकच कोट दिसतो त्याचं कारण हे.

प्रदर्शनात गिऱ्हाईक पहिल्यांदा भांड्याचं कौतुक करील अशी समजूत असते. ते पहिल्यांदा मागतं शिशाचा दाखला, म्हणजे भांड्यातून अन्नात विषारी शिसं किती उतरतं त्याचा कागद. युरोपात नियम असा: खोली २५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती चपटी वस्तू, शिसं दर चौरस डेसिमीटरला ०.८ मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ०.०७ च्या आत. त्याहून खोल असेल तर भरायची वस्तू. मग मोजमाप लिटरवर, शिसं ४ आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम. तपासणीत भांड्यात ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, भरून २२ अंशांवर अंधारात २४ तास ठेवतात. कोबाल्टची निळी नक्षी झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली असते, तेराशे अंशांच्या आसपास भाजलेली. तिला व्हिनेगर काही करू शकत नाही. धास्ती असते झिलईवर चढवून कमी आचेवर भाजलेल्या लाल-हिरव्या रंगांची. जपानी घरात एखादं भांडं ताटली की वाडगा हे त्यात काय वाढायचं यावर ठरतं. इथे ते पट्टी लावून ठरतं. सव्वीस मिलिमीटर खोल ताटली घेऊन उभ्या असलेल्या मालकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.

दाखला निघाला की प्रश्न येतो, "सहाचा संच आहे?"

नाही. संच पाचाचा. जपानीत चाराचा एक उच्चार 'शी', मृत्यूचाही तोच; म्हणून चार नकोत. पाच हा विषम आकडा, शुभ, भेट द्यायला योग्य. युरोपचं टेबल मात्र सम आकड्यांचं: दोन, चार, सहा, बारा. आपल्याला हे पटकन कळतं, कारण आपण अर्धा डझन वाट्यांशिवाय दुकानातून उतरत नाही, पण आहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवून आकडा विषम करून घेतोच. दोन्ही हिशेब आपल्या डोक्यात गुण्यागोविंदानं नांदतात. मालकाच्या खोक्याला मात्र खणच पाच असतात. सहा करायचे तर खोकं नवं, खोकंवाला दुसऱ्या गावचा, आणि तो कमीत कमी किती खोकी करून देणार हा आणखी एक आकडा. नवरा-बायकोच्या वाट्यांची जोडी हे दुसरं प्रकरण. त्याची मोठी, तिची लहान. बाई खरेदीदार असली तर ही जोडी टेबलाखाली सरकवलेली बरी.

खरी पंचाईत पुढेच आहे, आणि ती बुडाखाली आहे. जपानी वाटीच्या बुडाला उंच कडं असतं, त्याला 'कोदाई' म्हणतात. जपानी माणूस भाताची वाटी हातात उचलून खातो. वाटी गरम; बोटं कड्याखाली, अंगठा काठावर, चटका बसत नाही. हे कडं म्हणजे खरं तर मूठच. युरोपात भांडं टेबलावरून उचलणं हा असभ्यपणा, त्यामुळे तिथे कड्याला काही काम उरत नाही. काम नसलं की माणूस जे करतो तेच कडंही करतं: नसत्या ठिकाणी पाणी साठवतं. भांडी धुण्याच्या यंत्रात वाटी उपडी ठेवली की कडं वर येतं, त्याचं तळं होतं, आणि झाकण उघडून वाटी उचलली की ते पाणी वाळलेल्या चमच्यांवर. उपाय सोपा आहे: कड्याला एक बारीक खाच. पण खाच पाडायची म्हणजे हासामीच्या पद्धतीत साचेवाला वेगळा, लगदावाला वेगळा, कच्ची वाटी पाडणारा वेगळा, भट्टीवाला वेगळा. चार दारं फिरून एक खाच. शिवाय कड्याची टेकण्याची कड झिलईविना राहते, नाहीतर वाटी भट्टीत फळीला चिकटेल; ती घासून गुळगुळीत केलेली नसेल तर लाकडी टेबलावर ओरखडे. खरेदीदार वाटीची नक्षी बघत नाही, ती उलटी करून बुडावरून अंगठा फिरवतो. जाणकार याच्यावरून ओळखावा.

स्टॉल असतो बारा चौरस मीटरचा, म्हणजे आपली दादरची स्वयंपाकाची खोली बाल्कनी धरून. चहा पाजायची हौस असते, म्हणून घरची किटली सोबत. जपानची वीज १०० व्होल्ट, जर्मनीची २३०. फक्त खाचेचा अ‍ॅडॅप्टर लावून हजार वॉटची किटली जोडली तर ती पाच हजारांच्या वर खेचायला बघते. चहा होत नाही. अंधार होतो, तोही शेजारच्यांसकट.

मग भाषा. जपानीत 'हाय' म्हणजे होय, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बोलण्यात बऱ्याचदा त्याचा अर्थ 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच. आमच्याकडे गावाकडं 'हाय' म्हणजे आहेच, त्यात शंका नाही. जर्मन खरेदीदार याबाबतीत गावाकडचा. "यंत्रात धुता येते?" "हाय." "सहा आठवड्यांत माल?" "हाय." "जर्मनीत फक्त आम्हालाच?" "हाय, हाय." तो वहीत तीन बरोबरच्या खुणा करतो. मालकाच्या मते अजून संभाषण सुरूही झालेलं नसतं. उलट बाजूनं, मालक मान तिरकी करून, दातांतून हवा ओढून "विचार करतो" म्हणतो ते स्पष्ट नकार म्हणून. समोरचा महिनाभर उत्तराची वाट बघतो. हा नकार भाषांतराशिवाय समजणारे जगात आपणच. आपण त्याला 'बघू' म्हणतो.

किमतीचा कागद ही आणखी एक फजिती. जपानी यादीची सुरुवात होते दुकानातल्या किमतीपासून, तिला 'जोदाई' म्हणतात. दुकानदाराला तिच्या किती टक्क्यांना द्यायचं ते नंतर. परदेशी खरेदीदाराला जपानच्या दुकानातल्या किमतीशी कर्तव्य नसतं. त्याला हाकाता बंदरात जहाजावर चढवून काय भाव, तेवढं हवं. मग तो उभ्या उभ्या हिशेब करतो. धरा, भट्टीतून वाटी निघाली १,००० येनला. वाहतूक, विमा, जकात तीस टक्के धरा: १,३००. आयातदार दीडपट करतो: १,९५०. दुकानदार दुप्पट: ३,९००. वर जर्मनीचा १९ टक्के कर: ४,६४१. मालक हादरतो. यात लबाडी कोणाचीच नसते. पण जपानच्या वेबसाइटवर तीच वाटी २,००० येनला दिसत असेल तर खरेदीदाराचा फोन तिथेच खिशात जातो. निघण्याआधी बघून घ्यायची गोष्ट ही.

भेट झालेल्यांची कार्डं दोन हातांनी घ्यायची, जपून ठेवायची, हे जपानी संस्कार. समोरचा मात्र मालकाच्या कार्डावर पेनानं 'निळी, मोठी' असं खरडतो आणि वर पिन मारतो. काळजात चर्र होतं. पण या बाबतीत मी खरेदीदाराच्या बाजूचा. वहीच्या पानाला कार्ड टाचा, शेजारी त्यानं कुठली वस्तू हातात घेतली, काय विचारलं ते लिहा. तिसऱ्या दिवशी चेहरे एकमेकांत मिसळतात. आणि पत्रोत्तर आठवड्यात गेलं पाहिजे, लांबवलं तर राहूनच जातं. एप्रिलअखेर लागणाऱ्या मोठ्या सुट्टीत हासामीत भांड्यांची जत्रा भरते. तेव्हा अख्खं गाव खोकी बांधण्यात गढलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाटी फुटतेच. कोणाची पर्स लागते, कोणाचं कोपर. पाचाच्या संचात राहतात चार. चारचा संच आता विकायला अगदी योग्य, आणि त्याच दिवशी एखादा गृहस्थ पाकीट काढून म्हणतो, "हा द्या, रोख देतो." देता येत नाही. माल कार्नेवर आलाय. विकला तर जकात, कर आणि वर दंड. शेवटच्या दिवशी दालन बंद होईपर्यंत आवरायलाही परवानगी नसते. त्यानंतर सगळे एकदम आवरतात आणि रिकामी खोकी गोदामातून यायला रात्र होते.

फुटक्या वाटीचं काय? केरात टाकायची सोय नाही. यादीत क्रमांक ३७, निळ्या नक्षीची वाटी, नग पाच. एकतर कस्टम्सच्या देखत ती नष्ट करून तसा कागद घ्यायचा, नाहीतर तुकडे परत न्यायचे. कागद मिळवण्यापेक्षा तुकडे नेणं सोपं. इथे कोणीतरी किन्त्सुगीचं नाव काढणारच, सोन्यानं सांधलेल्या भांड्यांचं सौंदर्य वगैरे. लाखेच्या झाडाच्या चिकानं जोडून वाळायला काही आठवडे लागतात हे सोडा. कार्नेच्या यादीला सौंदर्याशी कर्तव्य नसतं, नगाशी असतं. तुटलं तरी परत यायला हवं.

म्हणून तुकडे गोळा होतात. टेबलाखालचा, गालिच्याच्या कडेचा, शेजारच्या स्टॉलमध्ये गेलेला. बबल रॅपमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून, वर चिठ्ठी. फुकुओकाच्या विमानतळावर अधिकारी पिवळं पान उघडतो, चार अख्ख्या वाट्या मोजतो आणि पाचवी विचारतो. मालक दोन्ही हातांनी, किंचित वाकून, ती पिशवी पुढे करतो. अधिकारीही दोन्ही हातांनी घेतो, बुडाचं कडं असलेला तुकडा शोधून काढतो, आणि लिहितो: नग एक.