चोचले स्वेटरचे

पुण्यात थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, तीही सकाळी साडेनऊपर्यंत. त्यानंतर स्वेटर घालून हिंडणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर त्याला तो स्वेटर चारचौघांना दाखवायचा असतो. मी दुसऱ्या जातीतली. एडिंबराला असलेल्या धाकट्या भावाने मला खराखुरा कॅशमिअरचा स्वेटर आणून दिलाय. रंग मोतिया, म्हणजे चहाच्या एका थेंबाची वाट बघत असलेला.

आतल्या शिवणीला एक चिठ्ठी आहे. बादलीत बुडवलेला हात, फुली मारलेला पिळा, चौकोनात एक आडवी रेघ. मावशींना मी ती वाचून दाखवली. घासायचं नाही, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग वहिनी, धुवायचं तरी कशाला?"

एवढे लाड कोणाचे, तर शेळीचे! लडाखच्या चांगथांग पठारावर, चौदा हजार फुटांवर, उणे तीसात ही बाई खडकांवर हुंदडत असते. थंडीसाठी अंगावर जी आतली लव येते, ती तिच्याकडून वर्षाला जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅम मिळते. बर्फ, वारा, दगड, सगळं सोसलेली ही लव पुण्यात आली की तिला आमचा नळ सोसत नाही. केसावर बारीक खवले असतात म्हणे. गरम पाणी, साबण आणि घासाघीस एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, सुटतच नाहीत आणि स्वेटरचा बुरणूस होतो. नेहमीच्या पावडरीतली काही एन्झाइम्स तर डागाबरोबर लोकरही खातात.

थंडी संपली की न धुता ठेवून द्यावा म्हटलं, तर कसर. घामाचा, आमटीचा वास असलेली लोकर म्हणजे त्या अळीला मेजवानी. त्यामुळे धुणं मार्चमध्ये येतं. आणि मार्चमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्याला थंड पाणी म्हणणं हा विनोद आहे. पहाटे उठून मी टबात पाणी भरते, सौम्य साबण नाहीतर आईने पाठवलेला रिठा घालते आणि स्वेटर नुसता दाबत बसते. मग मोठ्या टॉवेलवर पसरून अळूवडीच्या उंड्यासारखा घट्ट गुंडाळायचा आणि वरून गुडघ्याने दाबायचं. या अवस्थेत मला पाहून नवरा काही न बोलता ऑफिसला निघून गेला.

खरा प्रश्न वाळवायचा. टांगला तर ओल्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. सपाट जागा हवी, सावली हवी, वारा हवा. बाल्कनीत कबुतरं आहेत आणि त्यांना मोतिया रंगाचं भयंकर आकर्षण. खाटेवर घालावा, तर मार्च म्हणजे सासूबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्यांचा महिना. घरातली प्रत्येक सपाट जागा त्यांनी होळीपासूनच आरक्षित करून ठेवलेली. पापड्यांना ऊन हवं, स्वेटरला सावली, पण स्वच्छ चादरी दोघांनाही हव्यात. वाटाघाटींअंती मला डायनिंग टेबल मिळालं. दोन दिवस आम्ही सोफ्यावर बसून, ताटं मांडीवर घेऊन जेवलो आणि टेबलावर स्वेटर हातपाय पसरून पंख्याखाली पडून राहिला. सासूबाई दर तासाला येऊन तो उलटायच्या. सवयच आहे त्यांना. एकदा तर त्यांनी कोपरा मोडून बघितला, कडक झालाय का!

मावशींचा स्वेटर मात्र रस्त्याकडेच्या तिबेटी बाईकडून घेतलेला, ॲक्रिलिकचा. तो बादलीत भिजतो, दगडावर आपटला जातो, पिळून दोरीवर फेकला जातो आणि संध्याकाळी घडी होऊन कपाटात. कसरही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. माझा आता जुन्या उशीच्या अभ्र्यात, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत झोपलाय. डांबराच्या गोळ्या नकोत म्हटलं, नाहीतर पुढच्या डिसेंबरात कोणाच्या लग्नात मी येण्याआधी माझा वास पोचायचा.

परवा भावाचा फोन आला. "ताई, या खेपेला भाऊजींनाही एक आणू का?"

नवऱ्याने माझ्या हातून फोन घेतला आणि अगदी मनापासून सांगितलं, "नको रे बाबा, आमच्याकडे डायनिंग टेबल एकच आहे."